आजीच्या डब्यातले एक्केचाळीस रुपये

प्रश्न थोडक्यात असा. आजी गेल्यावर तिच्या कपाटात पत्र्याच्या डब्यात एक्केचाळीस चांदीचे रुपये निघाले. तुमच्या यादीप्रमाणे सहा राणी व्हिक्टोरियाचे, नऊ सातव्या एडवर्डचे, एकोणीस पाचव्या जॉर्जचे, पाच सहाव्या जॉर्जचे (१९४२ ते १९४५) आणि दोन चारमिनारवाले. सोनार म्हणाला, "एक रुपया म्हणजे एक तोळा, टंच (शंभर भागांत निव्वळ चांदी किती) ऐंशीचा धरतो, आजच्या भावाने पैसे घेऊन जा." भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात १९११ चा रुपया लाखांना जातो म्हणे. आता खरं काय, हे तुम्हाला हवं आहे.

दोघांचंही खरं नाही. पण सोनार सत्याच्या जास्त जवळ आहे, म्हणून आधी त्याचाच हिशोब तपासू.

"एक रुपया म्हणजे एक तोळा" हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, फक्त तो तोळा आजचा नाही. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता आणि रुपयाचं वजन नेमकं तेवढंच ठेवलं होतं. कित्येक दुकानांत तर वजन म्हणून काट्यात रुपयाच टाकत. पुढे मेट्रिक पद्धत आली आणि सराफ बाजारातला तोळा व्यवहारात दहा ग्रॅमचा झाला. सोनाराने जुनी म्हण वापरली आणि हिशोब नव्या तोळ्याने केला. मुद्दाम केला असं मी म्हणत नाही, बऱ्याच तरुण सोनारांना हा फरक ठाऊकच नसतो. पण एका नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त चांदी तिथेच गेली.

दुसरा घोळ टंचाचा. राणीच्या काळापासून १९३९ पर्यंतचा सरकारी रुपया ९१.६७ टंचाचा आहे, बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. म्हणजे एका रुपयात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. अधेली (आठ आणे) ५.८३ ग्रॅमची, पावली (चार आणे) २.९२ ची आणि चांदीचं बारीक दोन आण्यांचं नाणं १.४६ चं, टंच सगळ्यांचा तोच. टांकसाळीने दिलेला शब्द आहे तो, तो ऐंशी धरायला काही कारण नाही.

आता तुमचा डबा मांडू. राणी, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज मिळून चौतीस नाणी, त्यांत निव्वळ चांदी सुमारे ३६३ ग्रॅम. सहाव्या जॉर्जची पाच नाणी मात्र वेगळी आहेत. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी वजनाच्या निम्म्यावर आणली, बाकी ४० टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त. वजन तेच, पण चांदी नाण्यामागे ५.८३ ग्रॅमच, पाचांची मिळून २९. चारमिनारवाली हैदराबादची, ११.१८ ग्रॅम वजन आणि ८१.८ टंच, दोघांची मिळून अठरा. एकूण झाले ४११ ग्रॅम, झिजेचे चार-पाच सोडून द्या. सोनाराच्या हिशोबाने एक्केचाळीस दाहे चारशे दहा, त्याचे ऐंशी टक्के ३२८. ऐंशी ग्रॅम चांदी बोलण्या-बोलण्यात गेली असती. गंमत अशी की निम्म्या चांदीच्या पाच नाण्यांवर तोच तोट्यात जात होता, आठ ग्रॅम धरून बसला होता आणि आत सहासुद्धा नव्हती.

म्हणून पहिलं काम, सगळी नाणी घरातून निघण्याआधी काट्यावर ठेवा. ४७० ते ४७७ ग्रॅमच्या दरम्यान भरायला हवीत. भाव रोज बदलतो, त्यामुळे मी आकडा सांगून उपयोग नाही, पण गणित सोपं आहे. किलोच्या भावाला हजाराने भागायचं आणि १०.६९ ने गुणायचं. समजा भाव किलोला एक लाख असेल, तर चांगल्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी आहे. हा झाला नाण्याचा तळ. गाळणावळीचे आणि नफ्याचे काही टक्के सोनाराने कापणं रास्त आहे, त्याहून खाली कुणी उतरला तर नाणी उचलायची आणि घरी यायचं.

या तळाच्या वर संग्राहक किती देईल हा खरा प्रश्न. आणि इथे लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत वयाची. जुनं म्हणजे महाग असं नसतं. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची शिशाची नाणी आजही फार पैसे न मोजता मिळतात, कारण ती ढिगाने आहेत. किंमत ठरते ती किती शिल्लक आहेत, कुठल्या अवस्थेत आहेत आणि मागणारे किती आहेत यावर. तुमच्या डब्यातली बहुतेक नाणी पहिल्याच प्रश्नाला नापास होतात.

पाचव्या जॉर्जच्या एकोणीसपैकी अकरा नाणी १९१७ ते १९२० मधली आहेत. मला आश्चर्य वाटलं नाही, महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक डब्यात हीच वर्षं जास्त निघतात. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून इंग्रजांनी धान्य, ताग, कातडी आणि माणसं अशी सगळी खरेदी केली आणि तिचे पैसे रुपयांत चुकते करायचे होते. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता, हातात चांदीच हवी. त्यात जगभर चांदीचा भाव चढला. १९१७ च्या नोव्हेंबरात सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८-१९ मध्ये दोन आणे, चार आणे, आठ आणे निकेल मिसळलेल्या तांब्याचे आले. (१९१९ ची आठ आण्याची अधेली पांढरी दिसते म्हणून लोक चांदीची समजून आणतात. तिच्यात चांदी नाही.) तरी भागेना तेव्हा अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा केला आणि आपल्या खजिन्यातले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानसाठी विकत घेतली. १९१८ या एका वर्षात मुंबई आणि कलकत्ता मिळून चाळीस कोटींच्या वर रुपये पडले. तुमच्या आजीच्या डब्यातल्या एखाद्या रुपयात अमेरिकन डॉलरची चांदी असण्याची शक्यता चांगलीच आहे. ऐकायला गोड वाटतं, पण किंमत त्याने वाढत नाही. चाळीस कोटींतला एक झिजलेला रुपया संग्राहक चांदीच्या भावापेक्षा थोडा वर, फार तर, घेईल.

मग ही इतकी नाणी घरांत का राहिली? दुसऱ्या महायुद्धात निम्म्या चांदीचा रुपया आला तेव्हा लोकांनी नवा खर्चला आणि जुना दडवला. कुणीही तेच केलं असतं. सरकारने १९४१ ते १९४३ मध्ये टप्प्याटप्प्याने जुने रुपये मागे घेतले, आधी राणीचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे. ज्यांनी दिले नाहीत त्यांचे डबे आज माझ्याकडे येतात. या रुपयांची चलन म्हणून किंमत तेव्हाच संपली, त्यामुळे बँकेत नेऊ नका, तिथे कुणी घेणार नाही.

आता डब्यातून वेगळी काढायची नाणी.

१९११ चा एक रुपया तुमच्याकडे आहे. भाच्याचा व्हिडिओ याच नाण्याबद्दल होता. पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी नाण्यावर राजाच्या गळ्यात मानाची साखळी कोरली, तिच्यावर एक हत्ती होता. पण कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके काढले की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू असो की मुसलमान, राजाच्या छातीवर डुक्कर कुणालाच रुचलं नाही. बोभाटा झाला, चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास नाणी पडली होती, त्यांपैकी जेमतेम सात लाख बाजारात गेली होती, बाकीची परत वितळवली. १९१२ पासून हत्तीला नीट सोंड आणि मोठे कान आले. बाजारात या नाण्याला सरळ "पिग रुपया" म्हणतात.

तुम्ही स्वतः बघा. दहा पट भिंग घ्या, घड्याळवाल्याचं चालेल. राजाच्या खांद्यावरून छातीकडे येणारी साखळी धरून पुढे जा आणि तो बारीक प्राणी शोधा. शेजारी तुमचा १९१३ किंवा १९१४ चा रुपया ठेवा. एकात सोंड खाली लोंबताना स्पष्ट दिसते, दुसऱ्यात मुस्कट पुढे आलेलं. नाणं इतकं झिजलेलं असेल की प्राणीच दिसत नाही, तरी हरकत नाही, १९११ हे साल पुरे आहे. मात्र उलटं खरं नाही. १९१६ चा झिजलेला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून तो पिग रुपया होत नाही, आणि असे मला दर महिन्याला दोन-तीन तरी दाखवले जातात.

सात लाख हा आकडा लक्षात ठेवा. त्यातले कित्येक वितळले, हरवले, दागिन्यात गेले, तरी हजारो उरले आहेत. म्हणजे नाणं दुर्मिळ आहे, अदृश्य नाही. साध्या अवस्थेतल्या १९११ ला चांदीच्या कितीतरी पट पैसे येतात, देखण्या अवस्थेतल्याला त्याहून बरेच. लाखांच्या गप्पा मात्र जवळजवळ कधीच हात न लागलेल्या, टांकसाळीची झळाळी शाबूत असलेल्या नाण्याबद्दलच शक्य आहेत. तुमचं आजीच्या हातून लक्ष्मीपूजनात साठ वेळा गेलेलं आहे.

दुसरं, १९२१ चा. युद्ध संपलं, चांदी उतरली, रुपये पाडायची गरज राहिली नाही. १९२१ आणि १९२२ चे रुपये मुंबईतच पडले आणि आधीच्या वर्षांच्या मानाने फार थोडे. लोक १९११ च्या मागे धावतात आणि हे गुपचूप सोनाराकडे जातात. माझ्या मते तुमच्या डब्यातलं हे सर्वांत दुर्लक्षित नाणं. जपा.

टांकसाळ ओळखायची सोय साधी आहे. कलकत्त्याच्या नाण्यावर काही खूण नसते. मुंबईच्या एडवर्डच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाशी बारीक "बी" हे अक्षर खोलगट असतं, जॉर्जच्या रुपयावर तळाच्या फुलाशी उठावाचा एक ठिपका. एकाच सालात एका टांकसाळीचं नाणं ढिगाने आणि दुसरीचं मोजकं, असं होतं, म्हणून यादी करताना सालाबरोबर खूणही लिहा. तुम्ही पाठवलेल्या यादीत ती नाही.

एडवर्डचे नऊ. १९०३ ते १९१० एवढीच त्यांची वर्षं. हा राजा नाण्यावर मुकुटाशिवाय, उघड्या टकलाने आहे, त्यामुळे लगेच ओळखू येतो. रुपयांत चांदीच्या वर थोडं मिळेल, चांगल्या अवस्थेतल्याला बरं मिळेल. एडवर्डच्या अधेल्या मात्र रुपयांच्या मानाने फार कमी पडल्या, तुमच्याकडे नाहीत, पण कुण्या नातेवाइकाच्या डब्यात निघाल्या तर वजनावर देऊ नका म्हणावं.

राणीचे सहा बाकीच्यांपेक्षा जुने, कारण ती १९०१ मध्येच गेली. एकच सांगतो, १८६२ सालचे दिसले तर ते त्याच वर्षीचे असतील असं धरू नका. ते साल पुढे बरीच वर्षं साच्यावर तसंच राहिलं, आणि बारीक ठिपके मोजून वर्ष लावणारे माझ्यासारखे वेडे या गावात अजून आहेत. १८७७ पासून "क्वीन"च्या जागी "एम्प्रेस" आलं.

चारमिनारवाली दोन. मराठवाड्यात तुमचं मूळ असावं, कारण तिकडच्या प्रत्येक घरात हा हाली सिक्का आहे. निजामाचं स्वतःचं चलन, इंग्रजी रुपयापेक्षा थोडं हलकं. यावर साल हिजरी असतं, फारसी आकड्यांत, १३३० म्हणजे १९११-१२. चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा, तिथे एक अक्षर आहे. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. मीमवाली कमी दिसतात आणि संग्राहक त्यांना जास्त विचारतात. सोनार याला "परदेशी नाणं" म्हणून बाजूला सारतो आणि निम्म्यात मागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सहाव्या जॉर्जची तुमची पाचही १९४२ ते १९४५ मधली, म्हणजे चांदीपुरती. पण या राजाचा १९३९ चा रुपया खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्यावर सर्वांत जास्त हात चालतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनात एक घेतला होता. धंद्यात नवा होतो, विकणारा वयस्कर, गोड बोलणारा, त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. घरी येऊन भिंगाखाली धरला तेव्हा शेवटच्या नऊच्या पोटाखाली जमीन किंचित खोल गेलेली दिसली, खरवडल्याच्या बारीक रेघाही होत्या. १९३८ च्या आठाची डावी खालची कड कुणीतरी सुईसारख्या अवजाराने काढून नऊ केला होता. तो रुपया मी अजून ठेवला आहे, नव्या मुलांना दाखवायला. साल बघताना आकडा नाही, आकड्याभोवतीची जमीन बघायची, हे मी त्या दिवशी शिकलो.

खोट्याबद्दल निघालंच आहे तर घरी करता येतील अशा तपासण्या सांगतो. चुंबकाला चांदी चिकटत नाही, पण जर्मन सिल्व्हरही (तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, चांदी मुळीच नाही) चिकटत नाही, म्हणून चुंबकाने फक्त अगदी ढोबळ नकली पकडली जातात. वजन त्याहून चांगलं. त्याच आकाराचं जर्मन सिल्व्हरचं नाणं दहा ग्रॅमच्या आतच भरतं, खरा झिजलेला रुपयासुद्धा सहसा सव्वाअकराच्या वर असतो. आणि पाण्याची तपासणी तर माझी आवडती. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. ९१.६७ टंचाला उत्तर १०.३ च्या आसपास येतं, म्हणजे पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ दाखवेल. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ येईल, जर्मन सिल्व्हरला उत्तर पावणेनऊच्या जवळ. ज्याला नाणं न कापता, न घासता हे दहा मिनिटांत करता येतं, त्याने सोनाराला कानस लावू देण्याचं काही कारण नाही. कानशीची एक रेघ आणि संग्राहक नाण्याकडे पुन्हा बघत नाही.

वाजवून घ्यायची जुनी रीतही आहे, खणखणीत वाजला की बंदा. पण फरशीवर आपटू नका, कडेला खड्डा पडतो. नाणं बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हळूच टिचकी द्या. चांदीचा नाद बारीक, लांब रेंगाळणारा असतो. ओतीव नकली थड् करून थांबते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी थोडा रागावून लिहितो आहे. तुम्ही लिहिलंत की "स्वच्छ करून मग दाखवू का?" नको. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट नको, लिंबू-मीठ नको, सोनाराकडचं पॉलिश तर अजिबात नको. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ पिग रुपया घेऊन आले, आरशासारखा चकचकीत. सुनेने दिवाळीत भांड्यांबरोबर घासला होता. भिंगाखाली राजाच्या गालावर हजारो समांतर ओरखडे. त्याला चांदीच्या दुप्पट-तिप्पटसुद्धा मिळाले नाहीत, आणि घासला नसता तर किती मिळाले असते हे त्यांना सांगावंसं मला वाटलं नाही. जुन्या नाण्यावर काळपट, कधी निळसर-तांबूस असा जो थर चढतो तो मळ नाही. चांदी आणि हवेतल्या गंधकाने मिळून हळूहळू धरलेला रंग आहे तो. संग्राहक त्याचे पैसे देतात.

आजीच्या नाण्यांवर हळदकुंकू असेल. ते चालतं, पण काढायचंच असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात, बॅटरीत घालतात तसल्या, साध्या साबणाचे दोन थेंब टाकून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पाण्याने धुऊन मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. तेलकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब.

आणि डब्यातलं ते रबरबँड आधी काढा. फोटोत दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले दिसतात. रबरात गंधक असतं, नाण्यावर काळी पट्टी उमटते आणि ती जात नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांनी हिरवट चिकट थर येतो, तीही नकोत. प्रत्येक नाणं साध्या कागदाच्या लिफाफ्यात, वर साल आणि टांकसाळीची खूण पेन्सिलीने.

अवस्था कशी ठरवतात हे एका नाण्यावर दाखवतो. जॉर्जचा रुपया हातात घ्या, बोटांनी कडेला धरून, चेहऱ्याला हात न लावता. सगळ्यात उंच भाग आधी झिजतो, म्हणून मुकुटावरचे मोती, कान आणि झग्यावरची नक्षी बघा. मोती सुटेसुटे दिसले तर उत्तम, एकमेकांत मिसळले तर मध्यम, मुकुट नुसता आकार उरला असेल तर चांदीच्या भावाचा. मग नाणं दिव्याखाली तिरकं करून हळूहळू फिरवा. टांकसाळीतून आलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चक्रासारखे फिरतात. घासलेलं नाणं चमकतं, पण चक्र फिरत नाही. हे एकदा डोळ्यांत बसलं की कुणी फसवू शकत नाही.

तुमच्या यादीत एका एडवर्डला कडी लावलेली आहे. पूर्वी पुतळ्यांच्या माळेसारख्या रुपयांच्याही माळा करत. डाग देऊन कडी जोडलेलं नाणं संग्राहकासाठी संपलं, कडी काढली तरी डागाची खूण राहते. ते चांदीच्या भावाचं. मी असतो तर विकलं नसतं, ज्या गळ्यात ते होतं तो तुमच्या घरातलाच असणार.

विकायचं कुठे? चांदीच्या भावाची नाणी सोनाराकडे, पण वर सांगितलेल्या वजनाने आणि टंचाने, काट्याकडे बघत. १९११, १९२१, मीमवालं हाली असेल तर ते, आणि नक्षी ठसठशीत असलेली दोन-चार अशी नाणी नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे किंवा लिलावात. निदान तीन जणांकडून भाव घ्या आणि पहिल्याला कधीच तिथल्या तिथे होकार देऊ नका. लिलावात विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात, ते आधी लेखी विचारा. परदेशी कंपनीकडून नाण्याचा दर्जा ठरवून, डबीत बंद करून आणायचा खर्च फक्त फारच चांगल्या नाण्यालाच परवडतो.

समाजमाध्यमांवर "जुनं नाणं द्या, पाच लाख घ्या" म्हणणारे आधी नोंदणी फी मागतात, मग कर, मग विमा. नाणं कधीच घेत नाहीत, कारण त्यांना नाणं नको असतं. रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की तिच्या नावाने अशी फी मागणारे भामटे आहेत आणि बँक असल्या व्यवहारात पडत नाही. भाच्याला ते वाचून दाखवा.

कायद्याचं दोन वाक्यांत. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता किंवा विकून पाठवता येत नाही, देशात विकायला हरकत नाही. तुमचा डबा कपाटात निघाला म्हणून प्रश्न नाही. शेतात किंवा वाड्याच्या पायात पुरलेलं निघालं असतं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागलं असतं.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं. सोनाराकडे जाण्याआधी एकदा तिथे जाऊन नीट जपलेला जॉर्जचा रुपया बघून या. आपल्या हातातलं नाणं कुठल्या अवस्थेत आहे हे पुस्तक वाचून कळत नाही.

आणि १९११ चा तो एक, तो दिवसा खिडकीपाशी, सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, फ्लॅश न लावता. साखळीवरच्या प्राण्याचा एक जवळून घ्या. वजन शंभरांशापर्यंत आणि पाण्यातला आकडा सोबत लिहा. मग त्याचं बोलू.